साठ थेंबांचा खल

एका राज्यात काळ्या दगडाचा एक खल होता. राजवाड्याच्या महाद्वारी, उंबराखाली तो मांडलेला असे, सोबत थेंब वाटायची पळी. रोज सूर्य उगवला की त्यात आपोआप औषध पाझरे. मोजून शंभर थेंब, ना एक कमी, ना एक जास्त. एका थेंबाने तान्ह्याचा ताप उतरे, बाळंतिणीचं रक्त थांबे, विंचवाचं विष ओसरे. आणि सूर्य डोक्यावर आला की उरलेलं औषध वाळून जाई. उद्यासाठी राखता येत नसे.

राजा धीरसेन मोठा दयाळू. गादीवर बसताना त्याने हातात पाणी घेऊन शपथ वाहिली होती, "माझ्या दारी आलेला विन्मुख जाणार नाही. मागेल तेवढे थेंब त्याला मिळतील." लोकांनी जयजयकार केला. मग झालं काय, जे दाराजवळ राहत ते रोज येऊ लागले. सरदाराला शिंक आली, तीन थेंब. सावकाराचं पोट फुगलं, चार थेंब. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाला फारच लागत होती, त्यांनाही थेंब. आणि तीन खिंडींपलीकडची माणसं तापाने फणफणत वाटेतच मरत. ती दारी पोचतच नसत. जो दारी आलाच नाही, त्याला परत धाडल्याचं पाप राजाला कुठून लागणार?

त्याच वाटेवर घोरपाद मांत्रिकाची लेक डोलीत मेली. तिला एकच थेंब हवा होता. त्या दिवशीचा शेवटचा थेंब एका मानकऱ्याच्या पायातल्या कुरुपाला लावला होता. मांत्रिक रडला नाही. महाद्वाराशी उभा राहिला आणि म्हणाला,

"राजा, तू डोळ्यांपुढचं तेवढं बघतोस. आजपासून जो ही पळी धरील, त्याला डोळ्यांपुढे नसलेलेही दिसतील. जो थेंब तो एकाला देईल, तो ज्याला मिळाला नाही त्याचं तोंड त्याला दिसेल. ते बघवलं नाही म्हणून त्याने डोळे मिटले, की खलातला एक थेंब शाप सुटेपर्यंत आटलेला राहील. तीन दिवस जो उघड्या डोळ्यांनी वाटील, त्याच्या हातून शाप सुटेल."

एवढं बोलून त्याने खलाच्या काठावर एक साळुंकी ठेवली आणि तो डोंगरात निघून गेला. साळुंकी माणसासारखी बोले. खोटं बोलणं तिला येत नसे.

बारा राजवैद्य आले. बाराही डोळे मिटून मिटून थेंब वाटत राहिले आणि शेवटी पळी टाकून पळाले. शंभराचे साठ उरले.

तेव्हा राजाने मुदपाकखान्यातल्या गोजराला बोलावलं. गोजरा वाढपीण होती. पाचशे पानांच्या पंगतीत तिने आमटी वाढली, तर पहिल्याच्या वाटीत जेवढी तेवढीच शेवटच्याच्या वाटीत पडे.

राजा म्हणाला, "बाई, हे तुला कसं साधतं?"

"महाराज, वाढायला वाकायच्या आधी मान वर करून शेवटचं पान कुठे आहे ते बघून घ्यायचं. दुसरं काही नाही."

"मग पळी धर."

गोजराने एकदम हो म्हटलं नाही. तिचा नवरा राणोजी वाड्याचा नगारची होता. दोन वर्षं त्याच्या छातीत पाणी भरत होतं. महाद्वाराच्या आतच बिऱ्हाड, म्हणून रोज सकाळी त्याला सहा थेंब मिळत आणि त्यावर तो जगत होता. थेंब असेच आटत गेले, तर एक दिवस त्याचे सहाही उरणार नव्हते. हा विचार करून तिने पळी धरली.

पहिला दिवस उजाडला. गोजराने पळी उचलली, राणोजीचे सहा थेंब आधी वाटीत काढून ठेवले आणि मान वर केली. महाद्वाराची भिंत धुक्यासारखी विरली. तिला तीन खिंडी दिसल्या. खिंडीपलीकडची गावं दिसली, दर घरातलं अंथरूण दिसलं. तिने डोळे उघडे ठेवले.

"पापणी लवली तर मी मोजत नाही," साळुंकी म्हणाली. "डोळे मिटून घेतलेस तर मोजीन."

सगळ्यांत पुढे सरदार उदाजीराव पालखीत बसले होते. म्हणाले, "चार थेंब. घसा खवखवतोय."

"सुंठ-गूळ चघळा, सरदार."

"सुंठीसाठी मी पालखी काढली होय?"

"पालखी वाया जायची नाही. ती मागे बाई तापाने उभी थरथरतेय, तिला थेंब देतेय. जाताना तिला घरी सोडा."

रांगेत खसखस पिकली. सरदार तडक राजाकडे गेले. "महाराज, तुमची शपथ त्या वाढपिणीने मोडली!" राजाने खिडकीतून रांगेकडे पाहिलं. मग म्हणाला, "तीन दिवस पळी तिच्या हाती आहे. मलाही गप्प बसणं जड जातंय, तुम्हीही बसा."

त्या दिवशी शिंकांना आणि ढेकरांना थेंब मिळाला नाही. साळुंकीने शीळ घातली, तशा डोंगरातून साळुंक्या आल्या. एकेकीने एकेक थेंब चोचीत धरला आणि न सांडता खिंडींपलीकडे नेला. दुपारपर्यंत सव्वीस अंथरुणांवरची माणसं उठून बसली.

दुसऱ्या दिवशी गोजराला नवलच दिसलं. पहिल्या खिंडीतलं केवडखिंड नावाचं गाव तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिथे कुणी आजारी नव्हतं. बाया झऱ्यावर पाणी भरत हसत होत्या, म्हातारे पारावर सोंगट्या खेळत होते.

"ही तर धडधाकट माणसं," ती साळुंकीला म्हणाली. "ही मला का दिसावीत?"

"ज्यांना थेंब मिळाला नाही ते दिसतात. ते आजच आजारी असतील, असं मांत्रिक म्हणाला नव्हता. झरा नासलाय. आठ दिवसांत चारशे माणसं पडतील. आज वीस थेंब झऱ्यात पडले तर एकही पडणार नाही."

"आणि आठ दिवसांनी?"

"तेव्हा चारशे थेंब लागतील. तुझ्याकडे साठ असतील."

गोजराने वीस थेंब झऱ्यासाठी काढले. दारावर एकच गलका झाला.

"झऱ्याला औषध?" भागोजी कुंभार ओरडला. त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. "झरा खोकतो का? झऱ्याला ताप आहे का? मी इथे उभा आहे, बाई, हाडामांसाचा!"

त्याचं बोलणं खरं होतं. त्या दिवशीचा शेवटचा थेंब एका बाळंतिणीला गेला आणि भागोजीपुढे आल्यावर खल कोरडा झाला. गोजराने त्याच्याकडेही उघड्या डोळ्यांनी पाहिलं. उन्हं कलण्याआधी त्याचा डोळा गेला.

काम आटोपून ती त्याच्या घरी गेली. भागोजी चाकापाशी बसला होता, डोळ्यावर फडकं बांधून.

"भागोजी, तुमचा थेंब मी दिला नाही. चुकून राहिला असं नाही. बघून नाही दिला."

"आता माफी मागायला आलीस?"

"नाही. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आले."

भागोजीने हाताने चाक एकदा फिरवलं. मग म्हणाला, "चारशे माणसं म्हणतात."

"चारशे."

"एकही येऊन सांगणार नाही की भागोजी, तुझ्या डोळ्यामुळे वाचलो."

"त्यांना कळणारच नाही. ती आजारीच पडणार नाहीत."

"असलं कसलं पुण्य ते!" तो करवादला. मग हाताने पाट सरकवला. "बस. त्या माठाला टेकू नकोस तेवढी, ओला आहे."

तिसरा दिवस आला. गोजराने नेहमीसारखे सहा थेंब वाटीत काढले आणि उरलेले चोपन्न एकेक बघून वाटले. एका थेंबाला एक जीव, याहून कमी कुठेच गेला नाही. खल कोरडा झाला तेव्हा उन्हं डोक्यावर यायला घटकाभर अवकाश होता. वाटी तेवढी शिल्लक होती. तेवढ्यात तिसऱ्या खिंडीपलीकडची मिठागरं तिला दिसली. एका झोपडीत पाच मुलं ओळीने निजली होती. श्वास वर लागले होते.

"किती थेंब?" तिने विचारलं.

"पाच," साळुंकी म्हणाली.

"वाटीत सहा आहेत."

"आहेत."

"नीट सांग. या सहांनी माझ्या धन्याला काय मिळतं?"

"पहिल्या थेंबाने छातीतली कळ थांबते. पुढच्या पाचांनी श्वास चालतो. रोज सहा मिळत गेले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत. आज खंड पडला तर आठ दिवस. एकदा खंड पडला की पुढे शंभर दिले तरी छातीला लागू पडायचे नाहीत."

गोजरा वाटी घेऊन घरात गेली. राणोजी उशाला टेकून बसला होता.

"आज उशीर केलास, गोजरे. सरदाराने सुंठ परत केली की काय?"

तिने त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही.

राणोजीचं हसू मावळलं. "मी काय ऋषी आहे का? मला जगायचंय."

"ठाऊक आहे मला."

"पावसाळ्यापर्यंत म्हणजे सात महिने. सात महिने काय थोडे असतात?"

"नाहीत, अहो. थोडे नाहीत."

"मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाही. सांगतेय. पळी माझ्या हातात आहे, तुमच्यावर ढकलणार नाही."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

राजा उंबराखालून सगळं ऐकत होता. त्याचं मन कळवळलं. तो दारात आला आणि हलकेच म्हणाला, "बाई, तुझा नवरा आहे तो. क्षणभर डोळे मिट आणि वाटी त्याच्या ओठांना लाव. उद्या एक थेंब कमी होईल, एवढंच ना? मी कुणाला सांगणार नाही."

"महाराज, बारा वैद्य असेच एकेका थेंबाने गेले."

"मी राजा म्हणून आज्ञा करतो."

"आज्ञा तुमची, पण बघायचं मला आहे. ती पाच मुलंही तुमच्याच राज्यातली आहेत. तुमच्या दारी पोचली नाहीत, एवढंच."

राजा दारातून बाजूला झाला.

गोजराने एक थेंब पळीत घेऊन राणोजीच्या ओठांत सोडला. त्याची कळ थांबली. पाच साळुंक्या खिडकीवर येऊन बसल्या होत्या. तिने पाच चोचींत पाच थेंब दिले. तोवर तिला झोपडी दिसत होती आणि नवऱ्याची पाठही दिसत होती. दोन्हींवर तिने नजर ठेवली. साळुंक्या उडाल्या. झोपडीतलं सगळ्यांत धाकटं पोर कुशीवर वळलं आणि त्याने पाणी मागितलं.

तत्क्षणी शाप सुटला. उंबर मुळापासून हलला. महाद्वाराची भिंत पुन्हा भिंत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खलात शंभर थेंब पाझरले. पण गोजराने मान वर केली तर तिला भिंतीपलीकडचं काही दिसेना. रांगेतली तोंडं तेवढी दिसली. ती घाबरली. एवढ्यात घोरपाद मांत्रिक डोंगर उतरून आला.

"स्वामी, माझी दृष्टी परत द्या," ती म्हणाली.

"तो शाप होता, बाई. सुटलेला शाप परत घालता येत नाही."

"मग मी वाटू कशी? आठ दिवसांत मी पुन्हा दाराजवळच्यांचीच होईन."

मांत्रिक पहिल्यांदाच हसला. "बारा वैद्यांनी हा शाप नको नको म्हटलं. दृष्टी देता येत नाही. साळुंक्या देतो. रोज पहाटे त्या गावोगावच्या अंथरुणांची आणि झऱ्यांची खबर आणतील. ऐकायचं की नाही, ते तुमच्यावर."

राजा धीरसेनाने पुन्हा हातात पाणी घेतलं. म्हणाला, "माझी शपथ अर्धी होती. दारी आला तोही माझा, न आला तोही माझा. थेंब मागेल त्याला नाही, ज्याचं त्यावाचून जास्त अडेल त्याला." या वेळी जयजयकार झाला नाही. लोक विचार करत घरी गेले. पण सावकाराने पोटावर ओवा घ्यायला सुरुवात केली, आणि तिन्ही खिंडींत साळुंक्यांनी नेलेले थेंब झेलणारे साधे दगडी खल मांडायला राजाने पाथरवट पाठवले, कारण शंभरातले चाळीस थेंब आता तिकडेच लागणार होते.

राणोजी सहा दिवस बायकोशी बोलला नाही. एकेक थेंब रोज घेत होता, दुखत नव्हतं, पण बोलत नव्हता. सातव्या दिवशी साळुंकी खबर घेऊन खिडकीत बसली, तेव्हा त्याने तिला विचारलं, "त्या पाचांची नावं काय गं?"

साळुंकीने सांगितली. चिमी, राघू, कोंडाजी, सोनी आणि धाकटी बनू.

"बनू कशी आहे?"

"हट्टी आहे. मीठ चाटते, आईचा मार खाते."

"खाऊ दे," राणोजी म्हणाला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिला.

आठव्या दिवशी दुपारी त्याचा श्वास उतरू लागला. गोजरा उशाशी बसली होती. त्याने तिचा हात शोधला.

"गोजरे, एक विचारू? खरं सांगशील?"

"सांगीन."

"त्या वेळी डोळे मिटावेसे वाटले होते का?"

"वाटले होते," ती म्हणाली. "फार वाटले होते."

"मग बरं," राणोजी म्हणाला.

दिवस मावळायच्या आत तो गेला. गोजराने दहा दिवस सुतक पाळलं. ते दहा दिवस राजाने स्वतः पळी धरली आणि साळुंक्यांची खबर संपेपर्यंत पहिला थेंब कुणाला दिला नाही. अकराव्या दिवशी गोजरा आली, पदर खोचला, आणि रांग पुढे सरकली. त्या राज्यात पुढे कुणी मेलंच नाही असं नाही, पण वाटेत टाकून दिल्यासारखं कुणी मेलं नाही. थेंबांची गोष्ट इथे आटली. ऐकणाऱ्याच्या घरी आरोग्य पाझरो.