पाच दोऱ्यांवरचं गाणं

निळ्याशार समुद्राला लागून एक गाव होतं. त्या गावात प्रत्येकाच्या अंगणात फुलं होती. पण फुलं विकून पोट भरणाऱ्या हौसाच्या अंगणात मात्र एकही फूल नव्हतं, कारण तिला अंगणच नव्हतं. एक इवलीशी खोली, एक चूल आणि खिडकीत ओल्या फडक्याखाली झाकलेली फुलांची परडी. तिची आई पहाटे उठून माळा ओवायची. नऊ वर्षांची हौसा देवळापाशी बसून त्या विकायची.

हौसाचे बाबा फिलोमेनाबाईंच्या बागेत माळी होते. हौसा रांगत होती तेव्हाच ते तापानं गेले. मागे राहिला एक कागद, चार घड्या घालून पत्र्याच्या डबीत ठेवलेला. त्यावर पाच-पाच रेघा आणि रेघांवर काळे-पांढरे ठिपके होते. बाईंनी बाबांना पियानोचं गाणं लिहायला शिकवलं होतं. बाबांनी आईसाठी आणि हौसासाठी एक गाणं रचलं, लिहिलं, पण वाजवून दाखवायच्या आधीच ते गेले.

"कसं असेल गं ते?" हौसा विचारायची.

"कुणाला ठाऊक! तुझ्या बाबांनी मला चाल गुणगुणूनसुद्धा दाखवली नाही. म्हणाले, एकदम पियानोवरच ऐक," आई म्हणायची आणि डबी बंद करायची.

फिलोमेनाबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांची दृष्टी गेली होती. पण अजूनही रोज दुपारी मुलं त्यांच्याकडे पियानो शिकायला येत. हौसालाही त्यांनी प्रेमानं बसवून घेतलं होतं. आधी मोठी मंदाकिनी कागद वाचून धडा वाजवायची, मग एकेक जण. हौसाची पाळी शेवटची. तोवर धडा तिच्या कानात पाण्यासारखा भरलेला असायचा. ती कागद समोर ठेवायची आणि बोटं सोडायची. टिणटिण, रुणझुण, थेंबाथेंबानं सूर सांडायचे!

"बघा, हौसा किती छान वाचते!" बाई म्हणायच्या.

एके दिवशी मंदाकिनी खुदकन हसली. "बाई, हिनं तर कागद उलटा ठेवलाय!"

सगळी मुलं खो-खो हसली. "उलट्या कागदाची पंडितीण!"

हौसाचे कान लाल झाले. बाईंनी हात पुढे करून तिचा खांदा चाचपला. "खरं का गं, बाळ?"

"खरं, बाई. मला वाचता येत नाही. मी ऐकते आणि वाजवते."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तुम्ही शाबासकी देत होतात ना," हौसा पुटपुटली.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा कान सोन्याचा आहे. पण जे कुणी कधी वाजवलंच नाही, ते तू कुठून ऐकशील?" मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "आणि मुलांनो, ही शिकवणी आता आठ दिवसांचीच. पौर्णिमेला जहाज येईल. मी लेकीकडे चालले, समुद्रापार. पियानोही सोबत जाईल."

हौसाला बाबांची डबी आठवली. गावात दुसरा पियानो नव्हता. पौर्णिमेनंतर बाबांचं गाणं कागदावरच राहणार होतं, कायमचं!

ती बागेत धावली. बकुळीखाली उभी राहून डोळे पुसते तोच तिला फांदीवरच्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमताना दिसलं. करंगळीएवढी एक परी! डाळिंबाच्या फुलासारखे तिचे तांबडे, झिरझिरीत पंख चिकट धाग्यांत गुरफटले होते. हौसा आपलं दुःख विसरली. माळ ओवणाऱ्या हलक्या बोटांनी तिनं एकेक धागा सोडवला. पंखाला जरासुद्धा चीर गेली नाही.

परी तिच्या तळहातावर उभी राहिली. तिच्या पैंजणांतून निळ्या ठिणग्या उडाल्या. "मी सूरपरी. तुला एक इच्छा देते. पण नीट ऐक हं. इच्छा एकच, तीही पौर्णिमेचा सूर्य मावळेपर्यंत. आणि स्वतःसाठी एखादी कला मागितलीस, तर आधीची कला मला द्यावी लागेल."

"म्हणजे वाचायला मागितलं तर..."

"तर तुझा कान जाईल. सूर कळतील, पण गोड लागणार नाहीत."

हौसानं खूप विचार केला. मग परकराला हात पुसून म्हणाली, "परीताई, वाचायचं मी शिकेन. इच्छा राहू दे जवळ."

"आठच दिवस आहेत, छकुले."

"आठ तर आठ!"

पण शिकवणार कोण? बाईंना कागद दिसत नव्हता आणि हसणाऱ्या मंदाकिनीला विचारायला हौसाचं मन होईना. हौसा घरी आली. आई माळ ओवत होती. दोऱ्यावर कळ्या रांगेनं बसत होत्या आणि हौसा टक लावून बघत राहिली. "आई, मला पाच लांब दोरे दे!"

दुसऱ्या दिवशी तिनं बाईंच्या व्हरांड्यात दोन खांबांना पाच दोरे ताणून बांधले, एकाखाली एक. बाबांच्या कागदावर जिथे पांढरा ठिपका, तिथे तिनं मोगऱ्याची कळी अडकवली. जिथे काळा, तिथे भोक पाडलेला चिंचोका. मग बाईंचा हात धरून दोऱ्यांवर ठेवला.

बाईंची बोटं कळ्यांवरून सरकली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हे तर मला वाचता येतंय! कळी म्हणजे लांब सूर, चिंचोका म्हणजे आखूड. थांब, मी वाजवूनच दाखवते तुला."

"नको, बाई!" हौसानं त्यांचा पदर धरला. "तुम्ही वाजवलंत की मी ऐकणार, आणि ऐकलं की माझे डोळे पुन्हा आळशी होणार. मला फक्त खुणा सांगा."

"हट्टी गं बाई!" फिलोमेनाबाई हसल्या. "बरं, सर्वात खालच्या दोऱ्यापासून सुरुवात कर."

हौसा शिकली. पहिल्या दिवशी तीन सूर, दुसऱ्या दिवशी पाच. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बोटं दुखली, डोळे चुरचुरले. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, मागून टाकावं परीकडे! तिनं डोळ्यांवर पाणी मारलं आणि परत बसली. पाचव्या दिवशी चिंचोके संपले, तेव्हा मंदाकिनी ओचा भरून घेऊन आली. "हे घे. आणि ती कळी चुकीच्या दोऱ्यावर आहे, पंडितीणबाई," ती म्हणाली. या वेळी मात्र तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती.

सातव्या दिवशी हौसानं कागदाची शेवटची घडी उघडली. खालची ओळ कसरीनं खाल्ली होती. पाच रेघांच्या जागी नुसती जाळी!

पौर्णिमेच्या संध्याकाळी बागेत गाडी येऊन उभी होती. आई पियानोजवळ पाटावर बसली होती. बाई आपल्या सामानाच्या पेटीतून काढलेली एक तसबीर चाचपत होत्या. "हौसा, हा माझा नातू. सांग ना, कसा दिसतो?"

"गोबरा आहे, बाई. हनुवटीला खळी आहे."

"खळी? माझ्या वडिलांना होती," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं बोट काचेवर ती खळी शोधत राहिलं.

खिडकीबाहेर बकुळीच्या फांदीवर लखलख झालं. सूर्य पाण्याला टेकला होता. "चल, मागून घे," परी कुजबुजली. "कसरीनं खाल्लेली ओळ मागणार ना? ती काही कला नव्हे. तिला किंमत पडणार नाही."

हौसानं जाळी पडलेल्या कागदाकडे पाहिलं. मग आईकडे, मग काचेवरच्या त्या बोटाकडे.

"माझ्या बाईंना डोळे दे, परीताई."

"आणि गाणं?"

"ते मी बघते."

ती पियानोपाशी बसली. कागद सरळ ठेवला आणि वाचू लागली. एकेक ठिपका सूर झाला. आधी झारीतून पाणी पडल्यासारखे हलके सूर, मग कुणी बाळाला खांद्यावर घेऊन बागेतून चालावं तशी चाल. आईचा हात तोंडाशी गेला. ओळी संपत आल्या. जाळी आली. हौसानं डोळे मिटले. आतापर्यंतचे सारे सूर कानात घुमत होते. ते कुठे निघालेत ते तिला ऐकू आलं, आणि तिची बोटं त्यांच्यामागून घरापर्यंत गेली.

शेवटचा सूर विरला. आई रडत रडत हसत होती. "हेच ते," ती म्हणाली. "असेच होते तुझे बाबा."

तेवढ्यात बाई ताडकन उठल्या. "हौसा, तुझ्या परकराचा रंग पिवळा आहे!" त्यांनी तसबीर उचलली आणि किती तरी वेळ पाहिली. मग हौसाचा चेहरा ओंजळीत धरला. "पोरी, हे तू केलंस?"

फांदीवर परी सोन्याची झाली, मग मोत्याची, मग नुसता प्रकाश. तो प्रकाश झुळकीसारखा पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून फिरला आणि मावळत्या सूर्याबरोबर समुद्रात मिसळून गेला.

बाईंनी गाडीवाल्याला हाक मारली. "अरे, पेटी तेवढी ने. पियानो हिच्याकडेच राहील, आणि ही खोलीही. मंदाकिनी, लहान मुलांना आता हौसा शिकवेल. तूही ये मदतीला."

मग त्यांनी दौत आणि टाक हौसापुढे ठेवले. हौसानं कागदाखाली नवा कागद चिकटवला, पाच रेघा ओढल्या आणि जीभ दातांत धरून पहिला ठिपका काढला. बाबांच्या अक्षराखाली तिचं अक्षर जरा वाकडं आलं. पण त्या गावात आजही ते गाणं पूर्ण वाजतं, आणि ऐकणाऱ्याला सांधा कुठे आहे ते ओळखता येत नाही.