साटीनची उलटतपासणी

एक रान होतं. आटपाट वगैरे नव्हतं, आटपलेलं होतं. खाण्यासारखं जे जे होतं ते खाऊन झालेलं. उरलं होतं ते नुसतं राज्य. राज्यावर तरस बसला होता. तो राजा कसा झाला म्हणाल, तर रीतसर निवडून आला. बाकीचे उमेदवार मतदानाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत होते. मग ते कुणाला दिसले नाहीत, आणि महाराजांनी पुढे आठवडाभर अन्नाला तोंड लावलं नाही. प्रजेला वाटलं, केवढा हा उपास.

तरसाला हसण्याची खोड. बारशाला गेला तरी हसायचा, मयताला गेला तरी हसायचा. त्यामुळे रानाला हसतमुख नेतृत्व मिळालं, असं सगळे म्हणत. न म्हणणारे आता नाहीत.

रानाच्या कडेनं एक ओढा वाहायचा आणि ओढ्यापलीकडे दुसऱ्याचं राज्य होतं. पलीकडून काही आलं की अलीकडे त्यावर जकात. जकातीचा नाका उघडायचा तर तिथे बसवायचं कुणाला, यावर दरबारात बराच खल झाला. शेवटी नाका म्हणजे नाकाचंच काम, असं ठरून रानडुकराला नेमलं. त्याच्याहून मोठं नाक हत्तीचं होतं, पण हत्ती शहाणा, तो निकाल लागला त्याच दिवशी ओढा ओलांडून गेला होता. रानडुकराला सगळे नाकाडेसाहेब म्हणायचे. माणूस, म्हणजे डुक्कर, तसं वाईट नव्हतं. नियमानं चालायचं, एवढंच.

करवंदीच्या जाळीखाली भागी नावाची उंदरीण राहायची. ती ऐन पौषात बाळंत झाली. उंदराच्या पिल्लांच्या अंगावर जन्मतः केस नसतो. ओल्या शेंगेतल्या दाण्यासारखी गुलाबी, उघडी पिल्लं, आणि वर हाडं गोठवणारी थंडी. केस यायला वेळ लागतो. तोवर पांघरूण हवं, आणि तेही मऊ, कारण जाडंभरडं लागलं तर कातडी सोलून निघते. भागीचं माहेर ओढ्यापलीकडे. लेकीला बाळंतविडा पाठवायचा, ही रीत उंदरांतही आहे. तिच्या आईनं डिंकाचा खडा पाठवला, चिमूटभर अळीव पाठवले, आणि कुठल्याशा नवरीच्या परकरातून उरलेला साटीनचा तुकडा पाठवला. हातभर लांब, वीतभर रुंद. सगळी पिल्लं त्यात गुंडाळून झाली असती आणि वर टोपरीसुद्धा निघाली असती.

बाळंतविडा नाक्यावर अडला, म्हणून भागी तो सोडवायला गेली. डिंक आणि अळीव यांची तपासणी नाकाडेसाहेबांनी तोंडानं केली. ती समाधानकारक झाली. साटीन राहिलं.

"हे काय आहे?" नाकाडेसाहेबांनी विचारलं.

"साटीन आहे, साहेब. बाळंतविड्यातलं."

"बाळंतविडा असा वर्ग आपल्याकडे नाही. विडा आहे, पण तो पानसुपारीत जातो. साटीन म्हणजे कशाचं?"

"कशाचं म्हणजे? साटीनचंच."

"अहो बाई, सुताचं का रेशमाचं?"

"सुताचं असेल. आई म्हणते, साटीन ही नुसती वीण असते. धागा वरच्यावर तरंगत ठेवतात, म्हणून चकाकतं."

नाकाडेसाहेबांनी कापडात नाक खुपसलं आणि डोळे मिटले. "वास सुताचा आहे," ते म्हणाले, "पण झाक रेशमाची आहे. सूत असून रेशमासारखं दिसायचं म्हणजे हे कापड खोटं बोलतंय. असल्या कापडाला जपून राहावं लागतं."

रानाचा नियम तसा सोपा होता. चकाकतं ते चैनीचं, भरडं ते गरजेचं. गरजेच्या मालाला जकात माफ, चैनीच्या मालाला घरातलं निम्मं धान्य. आता साटीनची गंमत अशी की एक बाजू चकाकते आणि दुसरी भरडी असते. नियम करणाऱ्यांनी कापड फक्त एका बाजूनं पाहिलं होतं.

"मग मी उलटं धरते," असं म्हणून भागीनं तुकडा पालथा केला.

"उलट बोलू नका."

"बोलत नाही साहेब, धरतेय."

"धरलंत तरी तेच. उलटं धरलेल्या मालाची उलटतपासणी होते. तसा नियमच आहे." आणि त्यांनी सुळ्यानं तुकड्याच्या कडेची लांबच लांब पट्टी टर्रकन फाडली. "ही नमुन्याला ठेवली. पुढचं सगळं लोंबकरसाहेबांकडे."

"साहेब, पिल्लं उघडी आहेत हो."

"मला का कळत नाही?" नाकाडेसाहेब म्हणाले. "मलाही बारा आहेत. पण त्यांना जन्मतःच केस होते. तुम्ही आधी विचार करायला हवा होता."

लोंबकरसाहेब म्हणजे वटवाघूळ. वडाच्या पारंबीशेजारी उलटे टांगलेले. ज्याला जन्मभर उलटं बघायची सवय त्याच्याहून चांगला उलटतपासणीस कुठे मिळणार, म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. सुनावणी दिवसा असायची आणि लोंबकरसाहेब दिवसा झोपायचे. त्यामुळे निकालांवर कुणाचा दबाव नसे.

भागीनं तुकडा चकाकती बाजू खाली करून त्यांच्यासमोर धरला. नाकाडेसाहेबांनी खोकून त्यांना जागं केलं. लोंबकरसाहेबांनी एक डोळा उघडला.

"वरची बाजू खाली आहे," ते म्हणाले.

"आणि साहेब, खालची?"

"ती वर आहे."

"म्हणजे नाक्यावरून पाहिलं तर भरडी बाजू वर, आणि साहेबांकडून पाहिलं तर चकाकती वर," नाकाडेसाहेबांनी भागीला समजावलं. "दोन्ही बाजू वरच्या ठरल्या. दोन वरच्या बाजू असलेलं कापड म्हणजे चैनीची कमालच झाली. तुम्हाला निम्मं धान्य दोनदा द्यावं लागणार."

"निम्मं दोनदा म्हणजे सगळंच की हो."

"हिशोब आम्ही सांगत नाही. आम्ही फक्त वर्ग ठरवतो."

लोंबकरसाहेबांच्या नावानं दोन्ही बाजूंचे दोन नमुने फाडले गेले आणि साहेब पुन्हा झोपले. तुकड्याची लांबी होती तेवढीच राहिली, रुंदी मात्र निम्म्यावर आली. जकात भरेपर्यंत तो नाक्यावर जमा झाला आणि तिथे रोज त्याचा आणखी एक नमुना निघू लागला. भागी घरी गेली आणि आपल्याच अंगाचे केस तोंडानं उपटून पिल्लांवर घालू लागली. आई झाली म्हणून अंगावर केस वाढत नाहीत. पोट उघडं पडलं तिचं, आणि तिला नाकाडेसाहेबांचा, लोंबकरसाहेबांचा, सगळ्या रानाचा इतका राग आला की ती थंडीनं कुडकुडते आहे की रागानं, हे तिलाच कळेना.

एवढ्यात साटीनची बातमी जाळेशेठच्या कानावर गेली. जाळेशेठ म्हणजे आठ पायांचा कोळी, महाराजांचा जुना दोस्त आणि रानातला एकमेव विणकर. एकमेव कसा झाला, तर सुगरणीची घरटी परवानगीशिवाय बांधलेली निघाली आणि पाडावी लागली. जाळेशेठनं वडाखाली सभा घेतली.

"बंधूंनो आणि भगिनींनो," तो म्हणाला, "परक्याचं साटीन अंगावरून घसरतं. आपलं देशी जाळं एकदा अंगाला लागलं की सुटत नाही. याला म्हणतात आपुलकी. आज एका उंदरिणीचा तुकडा आला. उद्या ठाणच्या ठाण येतील, मग माझ्या पोटाचं काय? आणि माझ्या पोटात तर तुमच्यापैकी कितीतरी जणांचे नातेवाईक आहेत."

लोक भारावून गेले. "घरोघरी कोळिष्टक" अशी घोषणा झाली. तुलना करून बघण्यासाठी जाळेशेठनं नाक्यावरून साटीनचा एक नमुना मागवून घेतला. तो परत आला नाही.

सभा संपल्यावर जाळेशेठ स्वतः भागीच्या बिळाशी उतरला. "वहिनी, लाजू नका. देशी जाळं देतो, एक दाणासुद्धा नको. पिल्लांना छान गुंडाळा. मी येऊन बघून जाईन."

खोटं कशाला सांगू, भागीच्या मनात आलं होतं घ्यावं म्हणून. सगळ्यात धाकटं पिल्लू सकाळपासून दूध ओढत नव्हतं. पण शेजारचा नाकतोडा देशी जाळं अंगावर घेऊन बघायला गेला होता, तो अजून बघतोच आहे.

"नको भाऊजी," ती म्हणाली. "आमचं आहे नाक्यावर. तेच सोडवून आणते."

आणि ती थेट दरबारात गेली. महाराज जाडाभरडा अंगरखा घालून उन्हातल्या दगडावर बसले होते. दगड ऊन असल्यामुळे की काय, त्यांनी अंगरख्याचा काठ जरा वर उचलला, तर आतून सगळं अस्तर चकाकलं. चार-पाच पट्ट्या जोडून शिवलेलं होतं. भागीनं ते पाहिलं आणि खाली मान घातली. पिल्लांची आई होती ती, त्यांना पोरकं करणं तिला परवडणारं नव्हतं.

"महाराज, पिल्लं उघडी आहेत," एवढंच ती म्हणाली.

महाराज हसले. मग महाराजांचे डोळे भरून आले आणि ते पुन्हा हसले. "उघडी पिल्लं ही या रानाची लाज आहे," ते म्हणाले. "आजपासून या राज्यात एकही पिल्लू उघडं राहणार नाही. ओढ्याकाठी आम्ही ऊबकेंद्र काढतो आहोत. उद्घाटन परवा."

"महाराज, केंद्र नको. माझा साटीनचा तुकडा तेवढा सोडा."

"बाई, तुम्ही एका तुकड्याचा विचार करता. आम्हाला सगळ्या रानाचा करावा लागतो."

उद्घाटनाला फीत लागते. जाळेशेठनं मोठ्या अभिमानानं देशी फीत विणून दिली. आदल्या दिवशी सकाळी रंगीत तालीम झाली. महाराजांनी दातानं फीत कापली, ती त्यांच्या दोन्ही जबड्यांना चिकटली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. तो पूर्ण दिवस महाराजांना बोलता आलं नाही की हसता आलं नाही. त्या दिवशी रानात नाका बंद राहिला, भाषण झालं नाही, कुणी नाहीसं झालं नाही, आणि म्हातारी कासवं सांगतात की फार वर्षांनी पाखरं संध्याकाळी पोटभर ओरडली. दुसऱ्या दिवशी वैद्यानं फीत सोडवली आणि कारभार पूर्ववत सुरू झाला.

आता फीत कुठून आणायची? नाकाडेसाहेबांना आठवलं. नाक्यावर भागीच्या साटीनचा जो भाग नमुने काढून उरला होता, तो हातभर लांब आणि बोटभर रुंद होता.

"बोटभर रुंदीचं कापड हे नियमाप्रमाणे कापडच नव्हे," ते आनंदानं म्हणाले, "ती फीत. आणि फीत सरकारी कामाला लागत असेल तर तिला काहीच जकात नाही."

म्हणजे भागीचं साटीन सुटलं, फक्त ते भागीला मिळालं नाही.

उद्घाटन थाटात झालं. दोन बाभळींच्या मध्ये भागीची फीत बांधली होती, चकाकती बाजू महाराजांकडे आणि भरडी बाजू प्रजेकडे. महाराजांनी ती दातानं कापली. टाळ्या पडल्या. लोंबकरसाहेब टाळ्यांनी जागे झाले आणि त्यांनी निकाल कायम ठेवला. फितीच्या पलीकडे केंद्र असायला हवं होतं तिथे नुसता ओढा होता. "ही तर सुरुवात आहे," महाराज म्हणाले, आणि सगळे जेवायला गेले. कोण कोणाला जेवलं, ते मी सांगत बसत नाही.

मागे भागी राहिली. तिनं मातीतले फितीचे दोन तुकडे तोंडात धरले आणि ती निघाली. नाक्यावर नाकाडेसाहेबांनी हटकलं.

"काय नेताय?"

तोंडात कापड होतं, तिला बोलता येईना. साहेबांनी वाकून पाहिलं, एकदा हुंगलं.

"कापलेली फीत म्हणजे चिंधी," ते म्हणाले. "चिंध्यांना आपल्याकडे जकात नाही. न्या, खुशाल न्या." मग त्यांचं मन भरून आलं. "बघा बाई, उगाच रागावला होतात. शेवटी माफ झाली का नाही?"

भागी बिळात आली. तोवर पिल्लांना केस आले होते, ज्यांना यायचे होते त्यांना. ती एकमेकांच्या अंगावर लोळत होती, त्यांना आता साटीन नको होतं. चिंध्या एवढ्याशाच होत्या, पण धाकट्याला पुरल्या. त्यातच गुंडाळून तिनं त्याला करवंदीच्या मुळाशी पुरलं. चकाकती बाजू तिनं आत घातली, त्याच्या अंगाला लागेल अशी.

ऊबकेंद्राचं उद्घाटन तेव्हापासून दर निवडणुकीला होतं. जागा तीच, बाभळी त्याच, महाराज तेच. बांधकाम राहिलं आहे, पण फितीचा प्रश्न सरकारनं कायमचा सोडवला. आता साटीनची ठाणच्या ठाण ओढ्यापलीकडून येतात आणि नाक्यावर कुणी त्यांना हुंगतसुद्धा नाही, कारण दरबारानं फीत गरजेच्या वर्गात घातली आहे.