पडवीतला पहारा

एकदा वसईच्या किनाऱ्यालगत एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, तरुणांचा श्रद्धा मेळावा भरला होता. गावोगावचे युवक-युवती मुक्कामाला आले होते. चर्चच्या मागे एक वृद्ध धर्मगुरू राहत. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, तरी लोक त्यांना थोरले फादर म्हणत. दर रविवारी त्यांच्यापाशी बसून बायबलचा अभ्यास करणारी सलोमी त्यांना गुरू मानी, आणि या मेळाव्यात ती स्वयंसेविका होती.

सामान राखण्याचे काम तिने स्वतः मागून घेतले होते. मागच्या वर्षी याच मेळाव्यात दोन मुलींचे मोबाईल चोरीला गेले, तेव्हा कुणीतरी सहज बोलून गेले होते, "सामानापाशी सलोमीच होती ना?" बोलणारा विसरला, पण तो शब्द वर्षभर तिच्या मनात कुसळासारखा सलत राहिला. या खेपेला सुईसुद्धा हलू द्यायची नाही, असा तिने पण केला होता.

सभागृहामागे एक लांब पडवी होती. पडवीच्या टोकाला लागून दोन खोल्या. एकीत मुलांच्या पिशव्या ठेवल्या होत्या आणि दुसरीत दुपारी धर्मगुरू प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे लोकांच्या पापांची कबुली ऐकायला, बसत. सलोमीने आपली खुर्ची त्या टोकालाच मांडली.

पहिल्याच दिवशी एक तरुण तिच्या डोळ्यांत खुपला. सडपातळ, दाढीचे खुंट वाढलेले, कोणत्याही गावच्या गटात नसलेला. गीते चालू असताना त्याचे ओठ हलत नसत. प्रवचन ऐन रंगात आले की तो उठे, पडवीत येई, खोल्यांकडे पाही आणि सलोमीशी नजरानजर होताच माघारी वळे. असे पुन्हा पुन्हा झाले. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तिला तोच चेहरा दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेआधीच ती थोरल्या फादरांकडे गेली.

"फादर, त्या मुलाला घरी पाठवा. त्याचं लक्षण ठीक नाही."

"त्यानं काय केलं, बाय?"

"अजून काही केलं नाही. पण करणार, हे नक्की. माणसाची नजर मला कळते."

फादरांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "बरं. दुपारपर्यंत लक्ष ठेव. मग ठरवू."

सलोमी समाधानाने परतली. ती गेल्यावर फादरांनी स्वयंपाकाच्या बाजूला देखरेख करणाऱ्या एस्तेरबाईंना बोलावून घेतले. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, सरळ स्वभावाच्या, जे दिसेल ते सांगणाऱ्या. फादरांनी त्यांना काहीतरी हळू आवाजात सांगितले. बाईंच्या कपाळाला आठी पडली. पण त्यांनी मान डोलावली.

दुपारी जेवणाची पंगत बसली तेव्हा फादरांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावले.

"एस्तेरबाई, सकाळपासून एका व्यक्तीवर नजर ठेवायला मी तुम्हाला सांगितलं होतं. काय दिसलं ते सांगा. नाव मात्र घेऊ नका."

सलोमी सावरून बसली. म्हणजे फादरांनी आपले म्हणणे मनावर घेतले तर!

एस्तेरबाई अवघडून बोलू लागल्या, "सकाळच्या प्रार्थनेत त्या व्यक्तीने डोळे मिटले नाहीत, फादर. सगळे गात होते, पण तिचे ओठ बंद. नाश्ता अर्धा टाकून ती उठली. पडवीत खांबाआड उभी राहिली, कुणी आलं की मागे सरकायची. एक पिशवी खोलीबाहेर राहिली होती. ती उचलली, इकडेतिकडे पाहिलं, वरून चाचपली आणि आत नेऊन ठेवली. मिस्साची उपासना चालू होती, पण तिचं चित्त वेदीकडे नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला ते पाहून बरं वाटलं नाही."

"पाहिलंत ना फादर!" सलोमी उठूनच उभी राहिली. "आता पिशव्यांना हातही लावू लागला! आणखी कसला पुरावा हवा? आत्ताच्या आत्ता काढा त्याला बाहेर."

एस्तेरबाई गोंधळून तिच्याकडे पाहत राहिल्या. "त्याला? अगं, कोणाला? मी तुझंच सांगतेय."

सलोमी खाली बसली. खांब, पिशवी, अर्धा टाकलेला नाश्ता, सगळे तिचेच होते. पिशवी तिने कुणाची हरवू नये म्हणून उचलली होती. पण पाहणाऱ्याला ते कसे कळावे?  एस्तेरबाई हलकेच उठून बाहेर गेल्या.

"तुम्ही माझ्यावर पहारा बसवलात, फादर?" तिने विचारले.

"बसवला. त्याबद्दल माझ्यावर रागाव, तुझा तो हक्क आहे." फादर शांतपणे म्हणाले. "पोरी, संशयाला डोळे असतात, पण कान नसतात. तो पाहतो, विचारून ऐकून घेत नाही. तो मुलगा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. त्याच्या मनावर काही ओझं आहे, हे तू बरोबर ओळखलं असशील. पण ओझं असलेल्यांनी यायचं नाही, तर हा मेळावा आपण भरवला कुणासाठी? सामानाच्या खोलीला कुलूप लाव, ते शहाणपण आहे. माणसाला लावू नकोस."

सलोमी बाहेर आली. तिने खोलीला कुलूप घातले, किल्ली एस्तेरबाईंच्या हाती दिली आणि त्या तरुणाला शोधू लागली. पंगतीत तो नव्हता. सभागृहातही नव्हता. कुणीतरी म्हणाले, तो पाठीला पिशवी लावून फाटकाकडे गेला.

ती धावत निघाली. रस्त्यापलीकडे रिक्षा थांबत, तिथे तो एकटाच उभा होता. तिला पाहताच त्याने पाठीवरची पिशवी काढून पुढे धरली.

"बघा. तपासा. माझे कपडे आहेत, दुसरं काही नाही."

सलोमीला धाप लागली होती. "तपासायला नाही आले. जेवला नाहीस तू. चल."

"कालपासून तुम्ही माझ्याकडे चोरासारखं बघताय."

"हो. चुकलं माझं." तिने विचारले, "तू सारखा पडवीत का येत होतास? मी आधीच विचारायला हवं होतं."

 एक रिक्षा आली, थांबली, निघून गेली.

"पाच वर्षांत प्रायश्चित्त संस्कार घेतला नाही," तो खाली पाहत म्हणाला. "त्यासाठीच आलो होतो. धीर करून तिथवर यायचो. पण त्या दाराशी तुम्ही बसलेल्या असायच्या."

 सलोमीला कळले, ज्या दारासाठी हा पाच वर्षांनी आला, ते आपणच खुर्ची टाकून अडवले होते! तिने काही समजावले नाही, सबबही सांगितली नाही. "थोरले फादर आत्ता तिथंच बसायला येतील," एवढेच ती म्हणाली. "चल, मी वाट मोकळी करते."

दोघे परत आले. तिने पडवीतली खुर्ची उचलली आणि दूर अंगणात, आंब्याखाली नेऊन दाराकडे पाठ करून मांडली. मागे दार उघडल्याचा आवाज झाला. मग ते मिटले.

संध्याकाळी फादर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचाच थकवा होता. तिने काही विचारले नाही आणि त्यांनी काही सांगितले नाही. सभागृहातून गीताचे सूर येत होते. सलोमी आत गेली, मागच्या बाकावर टेकली आणि मेळावा सुरू झाल्यापासून प्रथमच डोळे मिटून गाऊ लागली.

संशयाचा पहारा चोराला अडवतो की नाही, ते सांगता येत नाही. पश्चात्ताप घेऊन आलेला मात्र दारातूनच परत फिरतो.