देवदाराचं तेल आणि राजाची पाठ

वरुडगडच्या प्रतापधवल राजांच्या पाठीला खरूज झाली! आता खरूज ती खरूज. पण राजाला खरूज झाली असं म्हणायची कुणाची छाती? नारोपंत राजवैद्यांनी तिचं नाव ठेवलं 'तेजोदाह' आणि चंदनाचे लेप चालू केले. भर दरबारात राजांच्या पाठीला खाज सुटली की चोपदार काठी आपटायचा आणि सगळ्यांनी माना खाली घालायच्या, असा रिवाज पडला. पंधरा दिवसांत दरबाऱ्यांच्या माना धरल्या, खाज काही थांबेना.

शेवटी वैद्यबुवांनी खापर फोडलं ते उंटांवर. "महाराज, हा उंटांच्या वाऱ्याचा दोष. त्यांना राज्याबाहेर घालवा!"

"घालवा! अमावास्येला सातही उंट सीमेपार!" राजे कडाडले.

उंटांचा राखणदार हैबती दरबारात कडेला उभा असायचा. नाव हैबती, पण त्याला भिऊन आजवर कोंबडीसुद्धा पळाली नव्हती. बायकोला भिऊन तो उंटांत जायचा आणि उंटांना भिऊन बायकोकडे यायचा. हिरा नावाची म्हातारी सांडणी तेवढी त्याची लाडकी. आई मेलेलं ते पिल्लू त्यानं बोटानं दूध चाटवून जगवलं होतं. या वयात ती परमुलखात चार दिवस तगायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि घाबरला की हैबतीचं तोंड सुटायचं, ही त्याची जुनी खोड.

"महाराज," तो भर दरबारात बोलून गेला, "उंटांनाही अस्संच होतं. देवदाराच्या तेलानं जातं!"

'मेलो!' हैबती मनात म्हणाला. 'चाळीस वर्षं दरबारात गप्प राहून मूर्खपण झाकलं, ते आज चव्हाट्यावर मांडलं!'

"उंटाचं औषध? आणि राजाला?" नारोपंत फिस्सकन हसले.

राजे हट्टाला पेटले. "होऊन जाऊ दे! पण ऐक. माझी पाठ कुणी बघायची नाही, तिला कुणी हात लावायचा नाही. मी माझ्या हातानं ते चोपडणार नाही आणि पोटात थेंबभरही घेणार नाही. अमावास्येपर्यंत बरं वाटलं तर उंट राहतील. नाही तर त्यांच्याबरोबर तूही चालता हो!"

घरी गेल्यावर बायको भागू म्हणाली, "तुम्ही कधी तोंड बंद ठेवलंय का हो?"

"ठेवलं होतं की, आपलं लग्न ठरताना!"

मग तो कामाला लागला. उत्तरेकडच्या उंटवाल्यांनी दिलेल्या देवदाराच्या ढलप्या पोतंभर होत्या. बुडाला भोकं पाडलेल्या मडक्यात त्यानं त्या भरल्या, तोंड लिंपलं, खाली दुसरं मडकं पुरलं आणि वरच्याभोवती गोवऱ्या पेटवल्या. लाकडाला घाम फुटला, काळसर तेल खाली ठिबकलं. चुरचुरू नये म्हणून त्यानं त्यात करंजाचं तेल मिसळलं.

तेल तर झालं. लावायचं कसं? दोन दिवस त्यानं डोकं खाजवलं, पण डोक्यातून काही निघेना. मुळात तिथं होतं काय निघायला! तिसऱ्या दिवशी उंटांकडे बघता बघता तो ताडकन उठला आणि तेलाची बुधली व तंबाखूची चंची घेऊन दरबारातली झाडलोट करणाऱ्या फराशाकडे गेला.

त्यानंतर दरबारात धुपासारखा वास यायला लागला. काठी आधी दहादा आपटायची, मग पाचदा, मग एकदाच.

अमावास्येला राजे ताठ बसले होते. "पाठ बरी झाली! पण तेल लावलं कुणी?"

"महाराज, तो माझा लेप..." नारोपंत सरसावले.

"तो मी केव्हाच बंद केलाय! हैबती, तू बोल."

हैबती वाकून म्हणाला, "महाराज, तेल आपणच लावलंत."

"मी? कधी?"

"काठी आपटली की. मी मान खाली घालतो, पण भित्र्याचे डोळे तिरके! गादीमागच्या खांबाचा रंग बरोबर आपल्या पाठीच्या उंचीवर उडालेला दिसला. मग फराशाला सांगून तिथं खांबाच्याच रंगाचं, तेलात भिजवलेलं कापड गुंडाळलं. ना कुणी पाठ पाहिली, ना कुणाचा हात लागला!"

"हे सुचलं कसं तुला?"

"सुचतंय कुठलं महाराज! उंट लाथा घालतात, त्यांना हात लावायची माझी छाती नाही. म्हणून खांबाला तेलाचं गोणपाट गुंडाळतो आणि लांब उभा राहतो. ते आपले येऊन अंग घासतात."

राजांच्या भुवया वर चढल्या. "म्हणजे उंट आणि मी सारखेच म्हण की!"

"छे छे, महाराज! उंटाला गूळ दाखवून खांबाशी आणावं लागतं. आपण आपणहून येत होता!"

राजांनी क्षणभर डोळे वटारले आणि मग असे खदखदून हसले, की त्यांची पाठ खांबावर आपटली. चोपदारानं सवयीनं काठी वाजवली, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, आणि राजांना पोटभर हसून घेता आलं.

सातही उंट राहिले. हिरेला रोज शेरभर गूळ मिळाला, हैबतीला रेशमी पागोटं. आणि नारोपंतांना हुकूम सुटला, यापुढे उंटांना तेल त्यांनी लावायचं. तेही हातानं!