शिडीची सावली

"मग सांगा ना आबा, या पाचांतलं खरं पुस्तक कुठलं?"

कानस घेऊन आबा अहिरराव एका लाकडी पंखाची कड घासत होते, ती घासत राहिले. हात कापायला लागल्यापासून बारीक काम सुटलं होतं, घासकाम तेवढं उरलं होतं.

प्रसन्न मालपाठक पुन्हा म्हणाला, "मी तर निकाल लावलाय. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

आता हा प्रसन्न म्हणजे कोण, तर विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींत ज्याचा शब्द खाली पडत नाही असा माणूस. विमानावरचं कुठलंही संदर्भपुस्तक आलं की ते आधी याच्याकडं यायचं. लोक पुस्तक वाचतात, हा झडती घ्यायचा. मोजपट्टी, भिंग, शंभरपैकी गुण. याच्या हातून साठ गुण मिळवलेलं पुस्तकसुद्धा भाग्यवान म्हणायचं!

पण हे सगळं शिकला तो इथंच, देवळालीतल्या या पत्र्याच्या पडवीत. चौदा वर्षांपूर्वी पहिलं वाकडंतिकडं विमान घेऊन आला होता. आबांनी ते हसून बाजूला ठेवलं नव्हतं. दोन तास शेजारी बसवून त्याचं शेपूट सरळ करून दिलं होतं. ते प्रसन्न विसरला नव्हता. आबांचं नाव काढलं की त्याचा आवाज अजूनही मऊ व्हायचा.

म्हणून तर आज तो भेट घेऊन आला होता. आबांना ऐंशी पूर्ण झाली होती. हवाई दलात असताना नऊ वर्षं ज्या एका टेहळणी विमानाची त्यांनी निगा राखली, ते चारशे सतरा नंबरचं विमान प्रसन्ननं वीतभर आकारात घडवून आणलं होतं. पाच महिने खपला होता बिचारा.

विमान अजून रुमालाखाली होतं. आधी त्याच विमानावरची पुस्तकं.

"ही चार बघा," प्रसन्न म्हणाला. "जाड कागद, रंगीत चित्रं, दोन्ही बाजूंचे आराखडे. चौघांचं एकमेकांशी केसभरही वाकडं नाही. आणि हे पाचवं…"

पाचवं चोपडीएवढं होतं. पिवळा पडलेला कागद, पिना गंजलेल्या.

"यातला डाव्या बाजूचा आराखडा बाकीच्या चौघांशी जुळत नाही. आणि उजवी बाजू? पान चक्क कोरं! याला काय संदर्भपुस्तक म्हणायचं? लेखक वारलेत. त्यांच्या मुलीनं पत्र पाठवून विचारलंय, बाबांचं पुस्तक पुन्हा छापू का, तुम्ही म्हणाल तसं करते. ही शेवटचीच प्रत उरलीय म्हणे."

"मग?"

"लिहून ठेवलंय उत्तर." प्रसन्ननं खिशावर हात ठेवला. "छापू नये. अपूर्ण आहे. जाताना टपालात टाकतो."

कानस थांबली.

"विमान दाखव," आबा म्हणाले.

प्रसन्ननं रुमाल काढला.

आबा बघतच राहिले. मग दोन्ही हात धोतराला पुसले आणि विमान असं उचललं, जसं पाळण्यातलं पोर उचलावं.

"सोन्या… अरे, हे तर माझंच की रे!"

पाच महिन्यांचं चीज झालं, प्रसन्नला वाटलं.

आबांचा अंगठा विमानाच्या अंगावरून फिरत फिरत एका करड्या पट्ट्यावर थांबला. दाराच्या मागं, तिरपा, बोटभर लांब.

"हा कशाचा पट्टा?"

"तुमच्या तुकडीची खूण ना?" प्रसन्न उत्साहानं म्हणाला. "फार छळलं त्यानं. तीन वेळा चिकटपट्टी लावून रंगवला, तेव्हा कुठं कड सरळ आली. चारही पुस्तकांत आहे."

आबांच्या ओठांचा कोपरा हलला.

"तळावर एकदा फोटो काढायला माणूस आला होता. दुपारचे चार वाजले असतील. मी पंखावर चढून टाकीचं झाकण बघत होतो. तो खालून ओरडला, शिडी बाजूला घ्या. मी म्हटलं, मी उतरू कशानं, तुझ्या खांद्यावरून?"

"मग?"

"मग काय… शिडी थोडी सरकवली. पण तिची सावली कुठं जाणार?"

प्रसन्ननं पट्ट्याकडं बघितलं. पुस्तकाकडं बघितलं. पुन्हा पट्ट्याकडं.

"सावली?"

"शिडीची."

"पण आबा, चार पुस्तकांत आहे हो! चार जणांनी…"

आबांनी विमान अलगद फिरवलं. उजवी बाजू वर आली. तिथंही पट्टा होता, तसाच तिरपा, तसाच करडा.

"त्या दिवशी," आबांनी विचारलं, "सूर्य दोन्ही बाजूंना होता का रे?"

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

प्रसन्नचे कान तापले. एकानं फोटोवरून आराखडा काढला, उजव्या बाजूचा फोटो नव्हता म्हणून डावीच उलटी करून छापली. बाकीच्या तिघांनी त्याचं उतरवून घेतलं. आणि आपण… आपण भिंग घेऊन बसलो आणि चार साक्षीदार मिळाले म्हणून खूश झालो! एवढी अक्कल पाजळली जगासमोर, आणि नजरेतून सुटली ती शिडी.

"आबा, माझे गुण किती?" तो कसाबसा म्हणाला.

"ते चोपडं दे इकडं."

आबांनी गंजलेल्या पिनांचं पुस्तक मांडीवर घेतलं. डाव्या बाजूचा आराखडा उघडला. पट्टा नव्हता. बोट फिरवत ते पुटपुटले, "हं… हे झाकण. बरोब्बर. हा खिळाही बरोबर. अरे, हे कुणी लिहिलंय?"

"कुणी केळुसकर म्हणून. गोविंद केळुसकर."

आबांचं बोट जागच्या जागी राहिलं.

"स्टोअरवाला केळुसकर?"

"तुम्ही ओळखता?"

"मेला एक नंबरचा चिकट! पत्रा जोडायचा जुना रिव्हेट हातावर ठेवल्याशिवाय नवा द्यायचा नाही. म्हणायचा, अहिरराव, तुटलाय म्हणू नकोस, तुटलेला दाखव. किती भांडलोय त्याच्याशी…" आबा हसता हसता थांबले. "वारलेत म्हणालास ना तू मघाशी?"

"हो. गेल्या श्रावणात."

आबांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

मग त्यांनी पान उलटलं. उजव्या बाजूचं पान, कोरं. घरी प्रसन्ननं भिंग लावून या पानाला शून्य दिलं होतं, तळाशी असलेली बारीक ओळ काही वाचली नव्हती.

"वाच."

प्रसन्ननं वाचलं. "माझं स्टोअर विमानाच्या डाव्या अंगाला होतं. उजवी बाजू मी जवळून पाहिलेली नाही. ज्यानं पाहिली असेल, त्यानं हे पान भरावं."



आबांनी ते कोरं पान कपाळाला लावलं.

"विमान सगळंच हाताखालून जायचं, पण उजवी बाजू खास माझ्याकडं असायची," ते म्हणाले. "बावीस वर्षं झाली याला छापून, आणि त्यानं माझी जागा कुणाला दिली नाही बघ. देव भलं करो रे तुझं, केळुसकर. आणि सोन्या, तुझंही. तू आणलंस म्हणून भेट झाली."

प्रसन्न खाली वाकला आणि आबांच्या पायांना हात लावला. असा नमस्कार त्यानं चौदा वर्षांत केला नव्हता. वाढदिवसाचे, दसऱ्याचे पुष्कळ केले होते.

"मी हे पट्टे पुसून टाकतो, आबा. आजच."

"उजवीकडचा पूस. डावीकडचा राहू दे." आबांनी विमान फळीवर ठेवलं. "शिडी माझी होती."

मग त्यांनी पेन्सिल घेतली. कोऱ्या पानावर टेकवायला गेले, पण हात थरथरायला लागला. पेन्सिल प्रसन्नपुढं केली.

"मी सांगतो, तू काढ. पण एकदम त्या पानावर नको. आधी कच्चं काढ कशावर तरी."

प्रसन्ननं इकडंतिकडं बघितलं. मग खिशातलं उत्तराचं पत्र काढलं, पाकिटातून बाहेर घेऊन उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर विमानाची आडवी रेघ ओढली.

"दाराच्या खाली पत्र्याचं ठिगळ," आबा सांगू लागले. "तळहाताएवढं. उतरताना दगड उडाला होता. मीच मारलंय. एक कोपरा जरा वर राहिलाय, तो सरळ करू नकोस."

"नाही करत."

"त्याच्या पुढं चार रिव्हेट. तिसरा नवा, जरा चकाकायचा. त्यासाठीच भांडलो होतो केळुसकरशी."

प्रसन्न काढत होता. कधी नव्हे ते मोजपट्टी बाजूला पडली होती. ठिगळ आलं, रिव्हेट आले, खिडकीच्या काचेवरचा ओरखडा आला. कागद भरत गेला. हात आता थांबेना.

"आणि शेपटाच्या खाली, आबा? तिथं काय होतं? तेवढं सांगा, म्हणजे पुरं झालं."

आबांनी डोळे मिटले. ओठ हलले, पुन्हा मिटले. प्रसन्न पेन्सिल धरून वाट बघत राहिला…

"तिथं मी कधी वाकून पाहिलं नाही रे. तेवढं कोरं ठेव."