भावाच्या हातचं कोंबू

"अरे, काढ ना बाहेर! कुणाची वाट बघतोयस?"

गुरू गेन्काई चुलीपाशी उभे होते. जपानच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या मठाचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं. शिष्य तेशूच्या हातात लांब लाकडी काड्या होत्या आणि हात तसाच हवेत.

पातेल्यात कोंबूची पट्टी होती. कोंबू म्हणजे वाळवलेलं समुद्रशेवाळ. मठात मासळी चालत नाही, सुपाला चव याचीच. उकळी फुटायच्या आत ते बाहेर काढायचं, नाहीतर सूप कडवट होतं.

तेशूला हे कुणी सांगायला नको होतं. माझ्यासारखं निवळ सूप कुणाला जमत नाही, असं तोच चारचौघांत सांगत फिरायचा. भारी मिजास होती बेट्याला!

पण आजचं कोंबू त्याच्या धाकट्या भावानं, योहेईनं, समुद्रातून कापून आणलेलं होतं. शेवटचं. पुढच्याच खेपेला योहेईची होडी उलटली आणि तो सापडलाच नाही. आज त्याचं वर्षश्राद्ध. आई येऊन जेवणघरात बसली होती.

काळी, कडक पट्टी पाण्यात उलगडली. हिरवट झाली, हलायला लागली...

"गुरुजी, त्याला कुणी काढलं का हो बाहेर?"



पाणी खळखळा उकळलं.

तेशू भानावर आला. घाईघाईनं चव घेतली आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"वाटोळं झालं! हे आईपुढे कसं ठेवू?"

त्यानं झाकण घातलं, पातेलं उचललं आणि मोरीकडे निघाला.

"कोठीतलं दुसरं कोंबू घेतो. तिला काय कळणार आहे!"

गुरुजींनी झाकणावर तळवा ठेवला. चांगलाच भाजला असणार, पण हात उचलला नाही.

"सोडा, गुरुजी. कडू झालंय हो हे."

"हं..."

"रडून रडून अर्धी झालीय ती. योहेईच्या नावानं हे कडूजहर पाजू तिला?"

गुरुजींनी पातेलं काढून घेतलं. एक वाडगा काठोकाठ भरला आणि तेशूच्या हातात दिला.

"ती काय आज तोंड गोड करायला आलीय का रे?"