डोहाईचा हार

जरा जपून या, पाहुणे, पायऱ्या शेवाळल्या आहेत. ही आमच्या गौळखोलची डोहाई. तिच्या गळ्यातला चांदीचा हार नीट बघा. त्यात ना चंद्र-सूर्य, ना फुलं. ही टम्म फुगलेली भाकरी, हे वासराचं तोंड, ही तडकलेली शेंग. देवीला असा हार कसा, असं सगळेच विचारतात.

पूर्वी म्हणे देवीचा एवढा धाक होता, की डोहावर कुणी मोठ्यानं बोलतही नसे. दर तीन वर्षांनी तिला नवा हार चढवायचा. तो तुटून पाण्यात पडला, की घडवणारा सोनार वर्षभरात दगावायचा. असे तीन सोनार गेले. तिसरा लखोबा. त्याची बायको सगुणा त्याच्या शेजारी बसून काम शिकली होती. पुढच्या खेपेला पाटलांनी तिलाच बोलावलं. "या वेळचा हार तुम्ही घडवायचा."

सगुणापुढे दोनच वाटा होत्या. नाही म्हणावं तर गाव वाळीत टाकणार. हो म्हणावं तर सहा वर्षांची लेक ठकी पोरकी होणार. नवऱ्याच्या ठशांवर तिनं चांदीचा पत्रा ठेवला, पण हातोडीचा घाव चुके. चंद्रकोर वाकडी होई, फूल चिरे. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी तिनं ठसे बाजूला सारले आणि लेकीला जवळ घेतलं. बाप गेल्यापासून पोर हसली नव्हती.

"ठके, बाबा होते तेव्हा तू कशाकशाला हसायचीस गं?"

ठकीनं बराच वेळ आठवून पाहिलं. "भाकरी फुगायची तेव्हा. वासरू माझा कान चाटायचं तेव्हा. आणि बाबा शेंग फोडायचे, दाणा टुणकन उडायचा..."

सगुणा तेच घडवत बसली. भीती गेली नव्हती, पण हात चालू लागला.

हार पाहून पाटील हादरले. "देवीला भाकरी? अहो, गाव बुडवाल!"

"माझ्यापाशी याहून चांगलं काही नाही, पाटील," ती कशीबशी म्हणाली.

भर दुपारी ती एकटी पायऱ्या उतरली. सारा गाव वर काठावर उभा. तिनं देवीच्या गळ्यात हार चढवला. शेवटची गाठ बसली आणि वारा सुटला, डोहाचं पाणी काठावर आपटू लागलं, हार हिसके खाऊ लागला. सगुणानं डोळे गच्च मिटले. आता तुटणार.

तेवढ्यात वरून कुणीतरी खळखळून हसलं. माणसं चरकली. ठकी होती ती. हार तिरका होऊन वासराचं तोंड थेट देवीच्या कानाला टेकलं होतं.

"आई, बघ गं, देवीला चाटतंय!"

पाटील तिचं तोंड दाबायला धावले, पण वारा पडला होता. पाणी निवळलं. हार जागच्या जागी होता. तोच हा; पुढे नवा चढवायची वेळच आली नाही. सगुणा नातवंडं खेळवून गेली, असं सांगतात.

आजही आमच्याकडे नवरीचा दागिना करायचा तर सोनार आधी तिलाच विचारतो, रोजच्या दिवसात तुला हसू कशाचं येतं? काही मुली लाजतात, काहींना लवकर आठवत नाही. उत्तर मिळेपर्यंत तो शेगडी पेटवत नाही.